कुजबुज मोठी करणारा डबा

कोपऱ्यावरच्या झाडाखाली अवरेकाईचे ढीग लागले, की बंगळूरमध्ये हिवाळा आला असं समजायचं. अवरेकाई म्हणजे आपल्या पावट्याचीच बहीण, पण इथे तिचा थाट वेगळा. डिसेंबर-जानेवारीत उपम्यात अवरे, भातात अवरे, आमटीत अवरे. शेंगेच्या सालीला एक तेलकट, उग्र, हिरवा वास असतो. इथले लोक त्याला ‘सोगडु’ म्हणतात आणि शेंग नाकाशी धरून, तो वास असला तरच घेतात. काल शाळेतून येताना मीही एक शेंग नाकाशी धरली आणि मला कानात खरखर ऐकू आली. हेडफोनमधली, बारीक, न थांबणारी. वासानं आवाज आठवावा हे विचित्रच. पण गेल्या हिवाळ्यातलं माझ्यापाशी एवढंच राहिलंय. त्या दिवसांत तुला काय वाटत होतं असं कुणी विचारलं, तर मला सांगता येत नाही. काही वाटत नव्हतं.

मागच्या वर्षी दिवाळीच्या जरा आधी अजितला, माझ्या नवऱ्याला, पक्षाघाताचा झटका आला. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात तो साच्यांची डिझाइनं करायचा. टेबलावरची पेन्सिल उचलायला गेला आणि उचलता येईना. त्याच्याच खात्यात महांतेश आहे, बेळगावचा, अजितच्याच गल्लीत वाढलेला. त्यानं कुणाला विचारत न बसता अजितला गाडीत घातलं आणि होसूर रोडच्या गर्दीतून वाट काढत हॉस्पिटल गाठलं. ‘वेळेवर आणलंत,’ डॉक्टर म्हणाले. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं.

आवाज होता. समजत सगळं होतं. शब्द तेवढे सापडत नव्हते. त्या सगळ्या पडझडीतून एकच शब्द शाबूत बाहेर आला: ‘तेच.’ चहा हवा का? तेच. हात दुखतो का? तेच. खिडकी लावू? तेच, तेच. तो हे इतक्या निरनिराळ्या स्वरांत म्हणायचा, की पहिल्या आठवड्यात मला वाटे आपण उगीच घाबरतोय, हा बोलतोच आहे की. मग त्याच्या डोळ्यांकडे लक्ष जाई. आपल्या तोंडून काय निघतंय हे त्याला ऐकू येत होतं.

मी दहावीला जीवशास्त्र शिकवते. मेंदूचं चित्र मी डोळे मिटून फळ्यावर काढू शकते. भाषेची जागा डाव्या बाजूला, कपाळाच्या जरा मागे. त्या डिसेंबरात मी ते चित्र काढलं, भागांना नावं दिली, मुलांनी वहीत उतरवून घेतलं, आणि माझा खडू कुठे अडखळला नाही. स्टाफरूममध्ये सगळ्या म्हणत, विद्या किती खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर ओठ कसा होतो, आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही. मी सगळीच्या सगळी तशी झाले होते. भाजी चिरत होते, औषधं देत होते, हसायच्या जागी हसत होते. सासूबाई बेळगावहून फोनवर रडायच्या आणि मी त्यांना धीर द्यायची. फोन ठेवल्यावर कुकर लावायची.

आता बँडबद्दल सांगायला हवं. बँड म्हणजे तीन माणसं. अजित गिटार वाजवायचा आणि गायचा, ड्रम्सवर महांतेश, कीबोर्डवर निकेत. निकेत पुण्याचा, आमच्यापेक्षा बराच लहान. कोरमंगल्यात पीजीत राहतो आणि रोज बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये आपलं तारुण्य घालवतो, असं तोच म्हणतो. दर रविवारी हे तिघं आमच्या पुढच्या खोलीत वाजवत बसायचे आणि मी आतल्या खोलीत पेपर तपासायची. गाणी अजितची स्वतःची. बेळगावच्या मराठीतली, मधूनच एखादा कानडी शब्द पेरलेली. ती कधी नीट रेकॉर्ड झाली नव्हती. मोबाइलवर केली की ड्रम्स बाकी सगळ्यांना गिळून टाकायचे.

म्हणून ऑडिओ इंटरफेस घ्यायचा होता. हे लोक त्याला नुसता ‘डबा’ म्हणत. माइक आणि वाद्यांच्या वायरी ह्या डब्यात खुपसायच्या आणि डबा कॉम्प्युटरला जोडायचा, म्हणजे प्रत्येकाचा आवाज वेगळा वेगळा साठवला जातो. पावसाळाभर दर रविवारी ह्यावरून वाद. निकेतचं म्हणणं, दोन तोंडांचा डबा पुरे. आधी ड्रम्स वाजवून घेऊ, मग त्यावर कीबोर्ड, मग गिटार, शेवटी गाणं. एकेकाचं स्वच्छ येईल, चुकलं तर तेवढंच परत करता येईल. अजितला आठ तोंडांचा हवा होता. ‘एकेकट्यानं वाजवायचं असेल तर रविवारी जमायचं कशाला?’ असं तो म्हणायचा. मग भजी यायची आणि वाद तिथेच राहायचा. झटक्यानंतर डब्याचं नाव कुणी काढलं नाही.

फिजिओथेरपिस्टनं सांगितलं होतं, बोटांना काहीतरी काम द्या, बारीकसारीक. आमच्या घरमालकीणबाई, सरोजक्का, खाली राहतात. त्यांनी एका सकाळी भिजवलेल्या अवऱ्यांचं पातेलं आणून अजितसमोर ठेवलं. भिजलेला दाणा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबला की सालीतून पुळकन बाहेर उडतो. इथे ह्या सोललेल्या दाण्यांची आमटी मोठ्या कौतुकानं करतात. ‘स्वल्प स्वल्प,’ अक्का म्हणाल्या, ‘घाई नको.’ अजितच्या बोटांना दाण्याचा स्पर्शच कळत नव्हता. तो बघून बघून दाबायचा. दाणा निसटायचा, जमिनीवर घरंगळायचा. मी उचलून परत पातेल्यात टाकायची. अशा किती सकाळी गेल्या कोण जाणे. आमच्या दोघांच्या बोटांना आणि कपड्यांना तो वास लागलेला असायचा. दोघंही गप्प. त्याला शब्द नव्हते, आणि मला ते काढायचे म्हणजे विहिरीतून पाणी शेंदण्याइतकं जड वाटायचं.

एका रविवारी महांतेश आला तो सोलायलाच बसला. हाताला स्वस्थता नसलेला माणूस. मध्येच त्यानं रिकामी परात पालथी घातली आणि बोटांनी वाजवायला लागला. बँडच्या एका जुन्या गाण्याचा ठेका होता. मी ओट्यापाशी दूध तापवत होते. आणि मागून आवाज आला:

‘चपला दारात दिसती, माणूस गेलं कुठं...’

अजितच गात होता. पूर्ण ओळ, एकही शब्द न चुकता. मग दुसरी ओळ. आवाज अगदी बारीक, श्वासाएवढा, पण सुरात. महांतेशची बोटं थांबली आणि गाणंही थांबलं.

‘वैनी,’ महांतेश म्हणाला, ‘वैनी, ऐकलासा?’ तो ढसाढसा रडायला लागला. अजित त्याच्याकडे बघत म्हणाला, ‘तेच... तेच.’ आणि मी? मी गॅस बंद केला, कारण दूध वर येत होतं. मला ते अजून जसंच्या तसं आठवतं. साय, बुडबुडे, निळी ज्योत विझलेली. आणि छातीत काहीच नाही.

स्पीच थेरपिस्ट मात्र खूश झाली. गाणं मेंदूत बोलण्याच्या वाटेनं जात नाही, दुसऱ्या वाटेनं जातं, असं तिनं समजावलं. ‘गाऊ द्या. रेकॉर्ड करा आणि त्यालाच ऐकवा. स्वतःच्या तोंडून शब्द निघताना ऐकणं फार मोलाचं असतं.’ मोबाइलवर करून पाहिलं. पण त्याचा आवाज इतका हलका, की पंखा आणि रस्त्यावरची रिक्षा त्याच्यापेक्षा मोठी यायची.

मग निकेत ऑफिसातल्या मित्राचा दोन तोंडांचा डबा घेऊन आला. त्यानं अजितचा जुना माइक जोडला, त्याच्या कानांवर हेडफोन चढवले. हेडफोनमध्ये कीबोर्ड आणि ताल दाखवणारी टिकटिक. ‘अजितदादा, टिकटिकीवर सुरू कर, हं?’ टिकटिक सुरू झाली. अजित खिडकीकडे बघत बसला. परत. परत. शेवटी त्यानं डाव्या हातानं हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाला, ‘तेच.’ इतकं थकलेलं ‘तेच’ मी ऐकलं नव्हतं. पुढच्या रविवारीही तसंच झालं. एकदा कसाबसा अर्धी ओळ गायला. निकेतनं ती मला ऐकवली, तर आवाजाच्या आजूबाजूला नुसती खरखर.

‘ही कसली?’ मी विचारलं.

‘प्रीअँपची,’ निकेत म्हणाला. ‘ताई, माइकमधून जे येतं ना, ती नुसती कुजबुज असते. डब्यात प्रीअँप असतो, तो ती कुजबुज मोठी करतो. दादाचा माइक मुळात भिडस्त, त्यात दादाचा आवाज हा असा. प्रीअँपचं बटण पार शेवटपर्यंत पिळावं लागतं. साधा प्रीअँप तेवढा पिळला की स्वतःच कण्हायला लागतो.’

‘आणि चांगला?’

‘चांगला गप्प राहतो.’

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी ऑफ तासाला मी स्टाफरूमच्या कॉम्प्युटरवर प्रीअँप शोधायला लागले. मग रोजच. मला संगीतातलं कळत नाही, पण तक्ते वाचता येतात. कुठला डबा किती पिळता येतो, पिळल्यावर किती खरखरतो. आठ तोंडांचा म्हणून विकलेल्या डब्यात प्रीअँप कधी चारच असतात, बाकीची चार तोंडं नुसती वायर घालायला. दोन तोंडांचा डबा आणि माइकच्या शेपटीला लावायची एक छोटी नळी, आवाज वाढवणारी, हाही एक मार्ग. दुसरा माइक घ्यावा, तर तो इतका हळवा की खालच्या मजल्यावरचा मिक्सरही टिपणार. ज्या बायका माझ्याशी बोलायचं टाळत होत्या त्या आता माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघून पुढे जात. मला त्या आकड्यांत बरं वाटायचं. ‘बरं’ हाही मोठा शब्द झाला. तिथे काही वाटून घ्यावं लागत नव्हतं, एवढंच.

शेवटी एका शनिवारी अजितचा माइक पिशवीत घालून मी वाद्यांच्या दुकानात गेले. तिथला माणूस सभ्य होता. त्यानं एकाच माइकला आळीपाळीनं दोन डबे जोडले आणि हेडफोन माझ्या हातात दिले. मी वर्गात हजेरी घेते तशा आवाजात ‘एक, दोन’ म्हटलं. ‘इतना ज़ोर से नहीं, मैडम. धीरे. जैसे बच्चा सो रहा हो.’ मी अजितएवढा आवाज काढायचा प्रयत्न केला. पहिल्या डब्यात माझी कुजबुज आली आणि तिच्यामागे पत्र्यावर पाऊस पडत राहावा तशी खरखर. दुसऱ्यात नुसती कुजबुज. मागे काही नाही. मी बोलायचं थांबले तरी काही नाही. एवढं पिळूनही तो डबा गप्प होता. मी हेडफोन काढलेच नाहीत. ती शांतता मला फार ओळखीची वाटली. दोन महिने मी तिच्यातच राहत होते. फरक एवढाच, की ह्या शांततेत कुणीतरी हलकेसं बोललं तरी ऐकू येत होतं.

‘घर के लिए दो वाला ही काफ़ी है,’ दुकानदार म्हणाला. ‘इसी में मिल जाएगा.’

‘आठ वाला,’ मी म्हटलं. ‘आठों में यही प्रीअँप चाहिए.’

निकेतला मी फोन केला तर तो वैतागला. ‘विद्याताई, अहो एकाच खोलीत सगळे वाजवणार म्हणजे सगळ्यांचे आवाज एकमेकांच्या माइकमध्ये शिरणार. दादाच्या माइकमध्ये ड्रम्स येतील. एक चुकला की सगळ्यांनी परत. मी तुम्हाला दोनवाल्यावर हेच नीट करून देतो ना.’

‘निकेत, तो एकटा गात नाही,’ मी म्हटलं. ‘परातीवर गायला, कारण महांतेश समोर होता. महांतेश थांबला, हा थांबला. टिकटिकीबरोबर कोण गाईल?’

मग तो म्हणाला, ‘सरी. मी येतो वायरी घेऊन.’ आणि स्वतःच हसला, कारण इतक्या वर्षांत त्याच्या तोंडात बसलेला हा एकच कानडी शब्द, ‘बरं’ अशा अर्थाचा.

संक्रांतीनंतरचा रविवार होता. सरोजक्कांनी सकाळीच एळ्ळु-बेल्ल आणून दिलं, तीळ, गूळ, खोबरं, दाणे एकत्र केलेलं, आणि बजावलं, ‘आज वाजवा पाहिजे तेवढं, मी बहिणीकडे चालले.’ आम्ही गाद्या भिंतीला उभ्या केल्या. ड्रम्सना चार माइक लागले, कीबोर्डच्या दोन वायरी. अजितच्या गिटारला एक तोंड राखून ठेवलं होतं, ते रिकामंच राहिलं. त्याकडे कुणी बघितलं नाही. अजितला खुर्चीवर बसवलं, माइक तोंडाजवळ. मी त्याचा उजवा हात उशीवर ठेवून शेजारीच बसले, कारण तो हात घसरला की त्याचा तोल जायचा.

महांतेश काठ्यांऐवजी ब्रशनं वाजवत होता, अगदी हळू. गाणं सुरू झालं. अजितची जागा आली आणि गेली. कुणी थांबलं नाही. महांतेशनं फक्त त्याच्याकडे बघून भुवया उडवल्या, जत्रेत पाळण्यात बसायला बोलवावं तशा. दुसऱ्या वेळी जागा आली आणि अजित आत शिरला. चपला दारात दिसती. ओळीमागून ओळ. एके ठिकाणी शब्द सापडला नाही, तर त्यानं त्याच सुरात ‘तेच तेच’ घातलं आणि पुढे गेला. कडवं पूर्ण झालं. दुसरं झालं. वाजवणं संपल्यावर झांजेचा नाद खोलीत कितीतरी वेळ रेंगाळला, आणि तो विझेपर्यंत कुणी हललं नाही. निकेत कॉम्प्युटरकडे पाठ करून डोळे पुसत होता. मी अजितचा हात उशीवर नीट सरकवला. हात गार होता. माझाही.

जेवणं झाल्यावर निकेत एकेका माइकचा आवाज वेगळा काढून ऐकत होता. अजितचा लावला. मागे लांबून ड्रम्स येत होते, पण आवाज स्वच्छ होता, अगदी कानाशी. निकेतनं तेवढा भाग परत लावला, आणखी एकदा लावला, आणि हेडफोन मला दिले.

‘ताई, हे कोण?’

अजितच्या आवाजाच्या खाली, किंचित मागे, एक बाई गात होती. दबकी, जरा बेसूर, पण प्रत्येक शब्द बरोबर. जिथे अजितनं ‘तेच तेच’ म्हटलं होतं, तिथे ती खरे शब्द म्हणत होती. ती मी होते. आपण तोंड उघडलं होतं हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं आतल्या खोलीत पेपर तपासता तपासता ती गाणी मला पाठ झाली होती, हेही नाही.

‘काढता येईल?’ मी विचारलं.

‘नाही. दादाच्याच माइकमध्ये आलंय. तुम्हाला काढलं तर तोही जाईल.’

मी ते परत ऐकलं. कुणा परक्या बाईचं ऐकावं तसं. वाईट वाटलं की आनंद झाला ते सांगता येत नाही. एवढंच लक्षात आलं, की आत कुणीतरी होतं, आणि माझ्या नकळत त्याचं काम चालू होतं.

ते रेकॉर्डिंग अजितनं उन्हाळाभर ऐकलं. थेरपिस्टनं त्यातल्या ओळी तोडून तोडून त्याच्याकडून म्हणवून घेतल्या. आधी सुरात, मग अर्ध्या सुरात, मग नुसत्याच. पावसाळ्यात तो ‘पाणी’ म्हणाला. मग ‘नको’. नकोची त्याला इतकी गोडी लागली, की आठवडाभर आम्ही सगळ्याच गोष्टींना नकार ऐकला. आता दोन-तीन शब्द जोडतो. नोकरी सुटली. गिटार भिंतीवर आहे. उजव्या हाताच्या दोन बोटांत स्पर्श परत आलाय, बाकीची अजून परकी आहेत. डॉक्टर म्हणतात, येईल तेवढं येईल. माझंही काहीसं तसंच चाललंय, पण माझा डॉक्टर नाही, आणि कुठल्या बोटात काय परत आलं हे मला कुणी टोचून दाखवत नाही. बरेच दिवस अजूनही कापसातून गेल्यासारखे जातात. मी तक्रार करत नाही. फक्त सांगते.

रविवार मात्र चालू आहेत. आता मी आत बसत नाही. निकेतनं रिकाम्या राहिलेल्या तोंडाला माझ्यासाठी माइक लावला. काल शेंगा घेऊन घरी आले, आणि आज तिघंही जमले. एक नवं गाणं बसवतोय. चाल अजितची आहे, त्यानं गुणगुणून दिलेली, शब्द अजून नाहीत. मी नुसता ‘आ’ लावते, वरच्या सुरात. दुसऱ्या वेळेला आम्ही अर्ध्यात असताना अजितनं डावा हात वर केला.

‘थांबा.’

सगळे थांबले. त्याला बरं वाटत नाही की काय, म्हणून मी उठायला लागले. तो माझ्याकडेच बघत होता, कपाळाला आठी घालून, शब्द जुळवत.

‘विद्या. तू... खाली. खाली जातेस.’ श्वास घेतला. ‘सूर. परत.’

आणि मला राग आला. आधी कानशिलं तापली, मग घसा, मग तो सरळ पोटापर्यंत उतरला. चांगला, सणसणीत राग. आठवडाभर शाळेत ओरडून घसा बसलाय, त्यात ह्यांचे वरचे सूर, आणि वर्षभरानं माझं नाव घेऊन बोलला तर हे बोलला!

‘मी खाली जाते? मग तूच लाव ना वरचा!’ मी फणकारले. आवाज खोलीभर गेला. महांतेशच्या हातातला ब्रश तसाच राहिला आणि निकेतनं मान खाली घालून हसू दाबलं.

अजित हसला नाही. त्याला चूक दिसत होती आणि ती दुरुस्त करायची होती. त्यानं सूर लावून दाखवला, बारीक पण अगदी नेमका, आणि वाट बघत राहिला. मी तशीच रागात श्वास घेतला आणि लावला.